अप्पा वकील आणि नागव्वाचा अंगठा

अप्पा वकील अशिलाचं तोंड बघायच्या आधी हात बघत. शुक्रवार पेठेतल्या घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. कुणी आलं की "बा, कूडु" म्हणून कानडीत बसवायचं आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचा. बोटावर सुताने पडलेली चीर दिसली की हा मागाच्या कांड्या भरणारा, नखं निळी दिसली की रंगखात्यातला. "तोंड काय, वकिलापुढं आलं की लगेच शिकतंय. हात शिकत न्हाय," असं म्हणत. माझा हात उलटापालटा करून म्हणाले, "कारकून. शाई हाय, घट्टा न्हाय."

खरंच होतं. मी एका कापड कारखान्यात टाइमकीपर होतो. त्या दिवशी नागव्वाला घेऊन गेलो होतो. ती आमच्याकडे कांड्या भरायची. बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली, तर मॅनेजरने तिच्या अंगठ्याचा राजीनामाच तिच्यापुढे ठेवला. अंगठा तिचाच होता. आमच्याकडे रीतच होती, नवी बाई कामाला लागली की 'हजेरीसाठी' म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. शाईचं पॅड पुढे करून तो घेणारा मी. त्या कागदांचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलं नाही. न विचारण्याइतका शहाणा होतो. पण नागव्वा फाटकाबाहेर तान्हं पोर घेऊन बसलेली दिसली आणि मला घास गिळवेना, म्हणून वकील लावायला मीच निघालो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "अंगठा खरा, कागद खोटा," ते म्हणाले. "ह्ये सांगणारा एकच माणूस हाय. तुमी सांगनार?"

मी छाती काढून हो म्हणालो. तेवढ्यावर त्यांनी केस घेतली.

साक्षीदाराला ते कधी पढवत नसत. मी दोनदा विचारायला गेलो, कोर्टात काय बोलू म्हणून. "जे घडलं ते. पढवलेला पोपट पेरू दिसला की गप्प होतोय," म्हणाले आणि मला चहा पाजून परत पाठवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मला ते फार सुखाचं वाटत होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने मला खिडकीपाशी बोलावलं. दुष्काळ नुकताच सरला होता, खेड्यापाड्यांतली माणसं काम मागत फाटकाबाहेर उभी होती. "बघितलंत किती जण आहेत?" एवढंच तो म्हणाला.

कोर्टात अप्पांनी सरळ विचारलं, "नागव्वाचा अंगठा तुम्ही कोऱ्या कागदावर घेतला होता का?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे बघत होते. मग "पुढं काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "घरात खानारी किती?" सहा, मी म्हणालो. "इरली," ते म्हणाले. इरली म्हणजे असू दे. त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर माझी सुटका झाली असती.

नागव्वा केस हरली. माझी नोकरी राहिली, आणि कोऱ्या कागदावर अंगठे घेणंही. कुठल्याही बाईचं बोट धरलं की अप्पांच्या तळव्याची ऊब माझ्या हाताला जाणवायची. अजून जाणवते.

तीनेक वर्षांनी अप्पा हृदयविकाराने गेले. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा आत त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे विभूती लावून, हार घालून, दाराकडे तोंड करून बसवलं होतं. उंबऱ्याशी नागव्वा होती. आता ती विड्या वळते, असं तिनेच सांगितलं. मला जागा देत म्हणाली, "केस गेली तवा मी तुमाला लई शिव्या दिल्या. वकीलसायेब म्हनले, त्येंच्यावर राग धरू नगं, नागव्वा. मीच प्रश्न उलटा इचारला, त्येंला उमगला न्हाय. चूक माजी हाय." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तसंच झालं न्हवं?"

समोर अप्पा बसलेले होते.

"व्हय," मी म्हणालो. "प्रश्नच उलटा होता."