चांदबीबीच्या महालातला नारळ

तो नारळ नेमका कोणाला पोचला, हे मला अजून कळलेलं नाही. सांगायला जावं तर लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी सातवीत होते. गुरुजींनी नगरची सहल काढली, तेव्हा माझी धाकटी बहीण सुमी मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेली. मी जात नाही म्हणाले, तर आईनंच पिशवीत नारळ घातला. "जा बाई. नगरच्या गणपतीम्होरं ठेव अन् डोळे मिटून सुमीचं नाव घे. माझं तर डोकंच चालंना आता."

गाडी लागल्यामुळं मी सगळा रस्ता मान खाली घालून बसले होते. उतरले तर समोर डोंगर आणि वर उंच दगडी इमारत. आमच्याकडं डोंगरावर देऊळच असतं, म्हणून चपला काढून मी सगळ्यांच्या आधी आत पळाले. खाली तळघरात अंधार होता, गाभाऱ्यात असतो तसा. चौथऱ्यावर नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुमीसाठी पोटभर रडले. बाहेर आले तर गुरुजी सांगत होते, याला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण खरी ही एका सरदाराची कबर आहे. माझ्या वेंधळेपणानं आता सुमी जाणार, एवढंच डोक्यात बसलं. त्यात गाडीचं चाक तिथंच पंक्चर झालं, उशीर झाला आणि गणपती राहूनच गेला.

चाक निघेपर्यंत मी महालाच्या पायरीवर रडत बसले. तिथले म्हातारे पहारेकरी चाचा तळघरातून नारळ घेऊन वर आले. मी सगळं सांगून टाकलं. "एवढंच व्हय? इथंबी वाया गेला नसता पोरी. पण तुझं मन ऱ्हात नसंल तर मी ठेवतो गणपतीम्होरं. माझं घर माळीवाड्यात, त्या देवळाकडंच हाय. बहिणीचं नाव काय तुझ्या?" नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मी त्यांच्या भरवशावर निघाले. दुसरं करणार तरी काय होते!

दिवेलागणीला घरी आले तर सुमी भिंतीला टेकून पेज पीत होती. ताप दुपारीच उतरला होता. दुपारी नारळ कबरीपाशी होता, की चाचांच्या हातात? माळीवाड्यात तर खासच पोचला नव्हता. मी घाबरतच आईला खरं सांगितलं. तिनं सुमीच्या हातातली रिकामी वाटी घेतली. मग हळूच म्हणाली, "मी तर दुपारी देवाचं नावबी घेतलं न्हाई गं. हिच्याजवळ बसल्याबसल्या डोळा लागला माझा. जागी झाले तर ही घामानं भिजलेली, अन् ताप गेलेला."

आता सुमीला नातवंडं आहेत. हा गुंता सोडवायचा नाद मी कधीच सोडला. मी चुकले होते, आई झोपली होती, नारळ वाटेतच होता. तरी ज्यानं सुमीला सांभाळलं, तो आमच्यापैकी कोणासाठीच थांबला नव्हता. रोज हात जोडताना समोर कोण आहे, हे मी आता विचारत नाही.