अक्काची किळस

अक्काला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. ती माझी थोरली आत्या, पण सुपा गावातलं लहानथोर तिला अक्काच म्हणे. वास घेतल्याशिवाय ती दुधाच्या भांड्याला हात लावत नसे. 'शी' हा शब्द ती इतक्या तऱ्हांनी उच्चारायची की काय बिघडलंय ते आम्हाला नुसत्या आवाजावरून कळे.

अशा बाईच्या अंगणात एका हिवाळ्यात मोटार आली. लाकडाच्या ठेकेदारानं आमचा रिकामा गाडीखाना मागितला आणि वडिलांनी तो दिला. मोटारीबरोबर खानापूरकडचा परशा ड्रायव्हर आला आणि पेट्रोलचा वासही. अक्काचं जेवणावरचं मन उडालं.

मार्गशीर्षातली ती थंडी. दिवस लवकर बुडायचा आणि मोटारीची दुरुस्ती नेमकी संध्याकाळीच निघायची. परशानं कार्बाईडचा दिवा लावला. कुजक्या लसणीसारखा दर्प घरात शिरला आणि अक्कानं तो विझवायला लावला. चिमणी लावली, तर तिच्या काजळीनं अक्काला मळमळलं. चरबीच्या मेणबत्त्या तिनं चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकल्या. बोटं आखडतात म्हणून परशानं शेगडी मागितली, तर तिच्या धुराचाही तिला तिटकारा.

शेवटी तिनंच तोड काढली. गाडीखान्याच्या मातीच्या भिंतीला भोक पाडून घेतलं, देवीच्या तसबिरीची काच काढून त्यात बसवली आणि बाहेरच्या अंगाला कंदील टांगला.

"वास भाईर ऱ्हाऊ दे, उजेड आत जाऊ दे," ती म्हणाली. वडील कुरकुरले, तेव्हा देवीला काचेबिगर जास्त दिसतंय असं सांगून तिनं त्यांना गप्प केलं.

एका संध्याकाळी परशाच्या गारठलेल्या हातातून पेट्रोलचा डबा निसटला आणि तो छातीपासून भिजला. आत ज्योत नव्हती म्हणून वाचला. पण कुडकुडत तो थेट आमच्या न्हाणीच्या पेटत्या चुलीकडं निघाला. अक्काला वासावरूनच कळलं. ती दारात आडवी आली.

"मागं हो. जळून मरशील."

त्याला परसात नेऊन तिनं कपडे उतरवायला लावले आणि ओकाऱ्या आवरत शिकेकाईनं त्याची पाठ घासली. घासून झाल्यावर केळीच्या बुंध्याशी जाऊन भडाभडा ओकली. मग तोंड धुऊन आली आणि वडिलांची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. परशा मान खाली घालून रडत होता.

होळीच्या आधी ठेका संपला. निघताना परशानं तिला नदीपर्यंत मोटारीतून चलायची गळ घातली. नको नको म्हणत, नाकाला पदर लावून ती बसली. काळी नदीच्या काठावर तो पाया पडला, तेव्हा म्हणाली, "वास सोडला तर बरी हाय तुझी गाडी." मोटार तराफ्यावरून पलीकडं गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली, तरी ती काठावरून हलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात हिवतापानं अक्का गेली. काठावरून परतली त्या दिवशीचं, पेट्रोलचा वास लागलेलं लुगडं तिनं त्याआधी बरेच दिवस खुंटीवर तसंच ठेवलं होतं. आई धुवायला उचलू लागली की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, अजून मळलं न्हाई."