हिरवं पाणी

पोहण्याच्या टाकीतलं पाणी हिरवं झालं म्हणून मी त्यात मासे सोडले. विहिरीत सोडतातच की! मांडवीतल्या घरामागे ही टाकी मी मुंबईच्या नातवंडांसाठी बांधली. नातवंडं आजवर एकदाच तिच्यात उतरली.

पाणी दुरुस्त करायला येणारा माणूस माझ्याशी कमी बोलायचा. चपला काढायचा, ओंजळभर पाणी हुंगायचा आणि पाण्यालाच विचारायचा, "काय रे बाबा, कशानं बिघडलास?" माझे मासे बघून तो हसला नाही. तासभर खपून त्याने एकेक मासा पकडून परसातल्या विहिरीत सोडला, मगच क्लोरीनची पावडर टाकली. "पंप रोज चालवा ओ काका, शेवाळ धरणार नाही."

पाणी निवळलं आणि त्याचं येणं थांबलं. घरात दिवसभर बोलायला कोणी नाही. मी पंप बंद ठेवला. पाणी पुन्हा हिरवं झाल्यावर त्याला फोन केला.

तो आला तेव्हा पंपाच्या बटणावर कोळ्याने जाळं विणलं होतं. त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लाइट नव्हती," मी म्हटलं.

"काका, चहाला बोलवायचं तर सरळ बोलवा," तो म्हणाला. "पाणी कशाला नासवताय?"