शेवतीची साक्ष

"पढवू नका," असं म्हणून ते माझ्या तोंडासमोर पेन्सिल आडवी धरायचे. खालापूरच्या कचेरीत ते आणि मी, दोघेही कारकून. साक्षीदाराला उत्तर आधीच सुचवणं हे त्यांच्या लेखी महापाप, मग साक्ष जमिनीची असो की शब्दाची.

हो, शब्दाचीच. जुने शब्द जमवण्याचा त्यांना नाद होता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा त्यांनी पाठकोऱ्या फॉर्मांची वही शिवली. शब्द आधी पेन्सिलीनं लिहायचा. न सुचवता कुणाच्या तोंडून ऐकला, की शाईनं गिरवायचा.

एक शब्द मात्र कित्येक वर्षं पेन्सिलीतच अडकला होता. शेवती.

"शेवंती वेगळी. शेवती म्हणजे गुलाबाचं झुडूप," ते सांगत. "संस्कृतातली शतपत्री, शंभर पाकळ्यांची. झिजत झिजत शेवती झाली. गुलाब तर फारशीतून आलेला पाहुणा! माझी आई पांढऱ्या गुलाबाला शेवतीच म्हणायची."

"मग आईचीच साक्ष लिहा की."

"घरची साक्ष चालत नाही."

दर रविवारी आम्ही गावं पालथी घालायचो. पांढरा गुलाब दिसला की ते विचारत, "याला काय म्हणता?" उत्तर यायचं, "गुलाब." "बरं," म्हणून हा गृहस्थ पुढच्या गावाला! तुम्ही सोबत असतात तर तुम्हीही वैतागला असतात.

लोधिवलीला एका म्हातारीच्या अंगणात माझा धीर सुटला. "आजी, ही शेवतीच ना?"

"शेवतीच हाय रं बाबा."

त्यांनी वही मिटली. "पढवलीत तुम्ही तिला." चौक गावापर्यंत ते माझ्या दहा पावलं पुढेच चालत राहिले. मी रागावल्याचं दाखवलं, पण मला लाज वाटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात ते तापानं गेले. त्यांच्या मुलानं वही माझ्या हाती दिली. शेवती पेन्सिलीतच होती. हा शब्द शाईत आणल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं आणि रविवारी एकटाच हिंडू लागलो.

भिवपुरीजवळच्या एका गावात एक बाई बकरीमागे ओरडत धावली. "शेवती खाल्ली गं हिनं माजी! समदी शेवती खाल्ली!"

कुंपणाशी पांढऱ्या गुलाबाचं अर्धं झुडूप उरलं होतं. मी काहीएक सुचवलं नव्हतं. लगेच वही काढली आणि बाईंना नाव विचारलं.

"माजं नाव कशाला लिवता, सायेब? बकरी जावेची हाय!"

तक्रार नाही, फक्त शब्द लिहितोय, अशी समजूत घालता घालता मला हसू आवरेना. मग बांधावर बसून त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेली ती तीन अक्षरं मी शाईनं गिरवली. सवयीनं त्यांना दाखवायला मान वळवली, तर शेजारी कोणीच नव्हतं.