बेदाण्याच्या शेडमधली गाडी

साताऱ्याच्या स्टँडवरून गाडी हलली तेव्हा आभाळ काळंकुट्ट होतं आणि माझं तोंडही तसंच. मांडीवर पिशवी. पिशवीत पाने, टेस्टर, पॉलिश पेपर, नवा प्लग आणि हात पुसायला जुनं बनियन. वीस वर्षं मी माझी क्रूझर मोटारसायकल घरच्या अंगणातच खोलतो-जोडतो. पण ही पिशवी घेऊन परगावी निघायची वेळ कधी आली नव्हती, आणि अशा कारणाने तर नकोच होती.

माझी धाकटी बहीण शालन कवठे महांकाळच्या जवळ एका गावात दिली आहे. एकुलता एक मुलगा महेश. गेल्या आषाढात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मागे त्याची काळी क्रूझर राहिली. यंदा वर्षश्राद्धाला ती बाहेर काढली तर चालूच होईना. परवा दाजींचा, म्हणजे शालनच्या नवऱ्याचा फोन आला. "पाव्हणं, दोन मिस्त्री येऊन गेलं. तुमी या. तुमची भन माझ्याशी बोलायची बंद झालीया."

कराड सोडलं, कडेगाव आलं. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये रस्ता. शेजारी पटकेवाले म्हातारबाबा बसले होते. पिशवी खळखळली की ते दचकायचे.

"पाव्हणं, काय वाजतंय एवढं?"

"पाने आहेत. गाडी दुरुस्त करायला निघालोय."

"मिस्त्री हायसा व्हय?"

"नाही हो, हौस आहे."

"मंजी फुकट," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून झोपले.

विटा गेलं तसा ऊस विरळ झाला. पुढे बाभळी, माळ, मेंढरांचे कळप आणि मध्येच द्राक्षबागांचे हिरवे चौकोन. इकडच्या आषाढाची एक तऱ्हा आहे. ढग येतात, वारा सुटतो, उगाच आशा लागते, आणि ढग तसेच कर्नाटकात निघून जातात. वाऱ्याने डोळ्यांत धूळ तेवढी गेली.

शालनने पाणी दिलं, पाया पडली, रडली नाही. मला तेच जास्त लागलं. जेवायला शाळूची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण). दाजी माझ्या शेजारीच बसले होते, तरी ती मला म्हणाली, "दादा, त्यास्नी इचार, भाकरी पायजे का."

"दाजी, भाकरी हवी का?"

"नको म्हणावं."

"नको म्हणतात."

असं आख्खं जेवण झालं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. हात धुताना मी तिला बाजूला घेऊन झापलं, "काय पोरखेळ लावलाय हा?"

"पोरखेळ न्हाई, दादा. मी म्हणत हुते, गाडी पडवीत राहू द्या, रोज पुसत जाईन. ह्यांनी शेडात घातली, कुलूप लावलं, किल्ली कंबरंला. मला हात लावू दिला न्हाई. आन् आता ती बी मेली. पोराचं तेवढंच तर उरलं हुतं."

दुपारी गाडी अंगणात घेतली. दाजींनी तिला गोधडीत गुंडाळून, वर ताडपत्री बांधून ठेवली होती. टाकीत जुनं पेट्रोल होतं, कुजकट वास मारत होतं. ते काढलं. कार्बोरेटर खोलून धुतला. दाजींनी दुसरी बॅटरी आणून ठेवलीच होती, ती जोडली. नवा प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली. नाही. दहा-बारा किका मारून माझा गुडघा बोलायला लागला आणि मी त्या निर्जीव गाडीला न छापण्याजोगी एक शिवी हासडली.

मग हेडलाइट उघडला. आत वायरींचे जोड असतात. पहिलाच जोड ओढला तर तांब्याचा कोळसा झालेला. दुसरा तसाच. वायर सोलावी तिथे आतून काळी. मी चक्रावलो. वर्षभर कोरड्या जागी, गोधडीत ठेवलेली गाडी अशी आतून खाल्ली कुणी?

"दाजी, शेडमध्ये पाणी शिरलं होतं का?"

"पाण्याचा थेंब न्हाई. आमचं बेदाण्याचं शेड हाय त्ये. उन्हाळ्यात बेदाणा घातला, पडदं सोडलं, धुरी दिली, आन्..."

दाजींनी ती काळी वायर हातात घेतली. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून इकडे गंधकाची धुरी देतात. ती धुरी तांब्याचा काळ. घरातली सगळ्यात कोरडी, कुलपाची, जिवापाड जपायची जागा म्हणजे बेदाण्याचं शेड, म्हणून दाजींनी पोराची गाडी तिथे ठेवली होती. गप्प बसावं, शालनला काहीतरी दुसरंच सांगावं असंही मनात आलं.

पण शालन दारातच उभी होती. दाजी माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पाव्हणं, तिला सांगा. जपायला म्हणून ठिवली आन् म्यांच खाल्ली."

शालन आत निघून गेली.

कवठ्याला जाऊन वायर आणि जोड आणले. दुसरा दिवस त्यातच गेला. एकेक वायर कापायची, नवी जोडायची, टेप गुंडाळायची. दाजी वायर धरून बसायचे. वायर जरा हलली की मी उगाच त्यांच्यावर खेकसायचो. उन्हं कलता कलता किक मारली आणि गाडी धडधडायला लागली. माझी तर छाती फुगली. शालन पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. ऐकत राहिली. मग माझ्याकडे नाही, सरळ दाजींकडे बघून म्हणाली, "आवाज त्यो न्हाई."

दाजींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. "न्हाई. त्यो न्हाई."

दोघं दोन कोपऱ्यांत जाऊन बसली. सकाळी मी निघालो. एसटीत बसल्यावर मला फार वाईट वाटलं. चार वायरी जोडल्या की घर जोडेल असं मला वाटलं होतं. एवढं वय झालं तरी माणूस असला खुळा असतो.

कडेगावच्या पुढे फोन वाजला. दाजी होते. मागे गाडीची धडधड.

"पाव्हणं, कार्बोरेटरला दोन इस्क्रू हायत. आवाज हळू करायला कंचा फिरवू?"

"स्प्रिंगवाला. उलटा. अगदी थोडा थोडा."

धडधड जरा संथ झाली. पलीकडून शालनचा आवाज आला, "आजून हळू. रातचा आला की लय हळू करून दारात आणायचा त्यो. मी उठंन म्हणून."

"आता?"

"आजून."

ठोके लांब लांब होत गेले. आता बंद पडते की काय असं वाटावं इतके.

"हां," शालन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दाजींचाही हुंदका ऐकू आला. फोन चालू आहे हे दोघंही विसरली असावीत. माझेही डोळे भरून आले. फोन ठेवायचा मला धीर होईना.

"आवं, बंद नगा करू," ती म्हणाली. "राहू द्या वाईच."