न्हाणीघराचं जावळ

दोन्या एदुविनाने, म्हणजे आमच्या एदुविनाबाईने, सव्वीस वर्षं एल आल्तो शहराच्या चौकात आपी हे मक्याचं गरम, जांभळं पेय विकलं आणि आमच्या गल्लीत भाड्याने द्यायला दोन खोल्या विकत घेतल्या. भाडेकरूही ठरली, यानेत नावाची नर्स. तिची अट एकच: शनिवारी सामान आणेन तेव्हा न्हाणीघरात गरम पाणी पाहिजे, नाहीतर दुसरं घर बघेन.

पाणी आणायचं तर आधी माणूस आणायचा. पहिला प्लंबर घराची किल्ली घेऊन गेला तो गेलाच. दुसऱ्याने पाणी तापवणाऱ्या विजेच्या शॉवरच्या वायरी अशा ओढल्या की तो सोडला की दारावरची घंटा वाजायची. तिसरा मी आणला.

मी वस्ती समितीची. शाळा न बघता कायदा पाठ केलाय. नगरपालिकेच्या दारात चार दिवस बसून या गल्लीत नळ आणलाय. माझ्यापुढे प्लंबर काय टिकणार? रोसेन्दो तिकोनाला दंडाला धरूनच आणलं.

"उद्या येतो, बाई."

"उद्या म्हणजे कुठला उद्या? तारीख बोल, मास्तर!"

अर्धा पाइप भिंतीत सोडून तो पळाला. मी त्याच्या दारात भोंगा लावून ओरडले. त्याने रेडिओ मोठा केला.

एदुविना म्हणाली, "तू ओरडतेस, बये. ओरडणाऱ्याकडे कोण परत येतं? नात्यातलं माणूस येतं."

"तो तुझा कोण लागतो?"

"लागेल."

आमच्याकडे बाप्तिस्म्यापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत सगळ्याला पाद्रिनो लागतो, म्हणजे मानलेला बाप. पण न्हाणीघराला? एदुविना बिअरचा खोका घेऊन रोसेन्दोच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोच्या देखत म्हणाली, "माझ्या न्हाणीघराचे बाप व्हा." बायकोला रडू फुटलं. असं मागणं नाकारणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवता येत नाही.

शुक्रवारी पाइप बसले, घंटा गप्प झाली. शनिवारी रोसेन्दो कोट घालून आला. सगळ्यांच्या डोक्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले, धरणीमातेचा मान म्हणून जमिनीला बिअर पाजली, रिबीन कापली. दारावर रंगवलं होतं: "पाद्रिनो रोसेन्दो तिकोना आणि सौ. तिकोना". यानेत बॅग घेऊन उभी होती. गरम पाणी आलं. मी टाळ्या वाजवल्या, दातओठ खात.

दोन महिन्यांनी मोरी तुंबली. यानेतचे केस कमरेपर्यंत. तिने बॅग पलंगावर काढली. "संध्याकाळपर्यंत बघते, नाहीतर निघाले."

मी भोंगा उचलला. एदुविनाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि लेकराच्या पाद्रिनोला आमच्याकडे कोम्पाद्रे म्हणतात तसं म्हणत रोसेन्दोला निरोप धाडला: "कोम्पाद्रे, तुमच्या लेकराचे केस वाढलेत. जावळ काढायचंय."

अर्ध्या तासात जोडपं हजर. सणाचे कपडे, कात्रीला रिबीन. रोसेन्दो मोरीपाशी गुडघ्यांवर बसला, आत तार घातली आणि मांजराएवढा काळा, ओला गुंता बाहेर ओढला. बायकोने ताटली पुढे धरली. त्याने पहिली बट कापली, डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे ताटलीत शंभराची नोट ठेवली. मोरी साफ केली प्लंबरने, आणि पैसेही त्यानेच दिले!

आमच्याकडे जावळाला प्रत्येक जण एक बट कापतो आणि पैसे ठेवतो. कात्री यानेतकडे गेली.

"गुणी आहे हो माझं लेकरू," रोसेन्दो तिला म्हणाला. "जपा त्याला."

यानेतने बट कापली, वीस ठेवले आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

मग कात्री माझ्याकडे आली. माझं छप्पर तीन वर्षं गळतंय. पत्रेवाल्यांना भोंग्यावरून शिव्या घालून झाल्यात. मी बट कापली, दहा टाकले आणि आवाज जमेल तितका खाली आणला.

"कोम्पाद्रे, तुमचा भाऊ पत्रे बसवतो ना?"