दुसरीच्या लेकीला ‘जा’ म्हणताना

श्रीलंकेहून पाली शिकायला आलेली एक मुलगी भाईंदरला आमच्या गोडदेवच्या घरात दोन वर्षं राहील, असं विहारातल्या भन्तेजींनी सांगितलं तेव्हा मी कुरकुरलेच. एवढ्याशा वन बीएचकेत आम्ही तिघं, त्यात ही परदेशी पोर. पण पहिल्याच संध्याकाळी मेणबत्ती लावून मी त्रिसरण म्हणायला बसले, तर मागून तिचा आवाज आला. शब्द तेच, चाल निराळी. मी थांबले, तीही थांबली, आणि दोघींना हसू फुटलं. त्या दिवसापासून ती मला अम्मा म्हणायला लागली.

पौर्णिमेला ती पांढरे कपडे घालायची, दुपारनंतर काही खायची नाही. तिच्या नादाने मीही उपास धरला, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांवर खेकसून झालं! भिंतीवरच्या कोट-चष्म्यातल्या फोटोबद्दल तिने विचारलं, तेव्हा म्हटलं, "बाई गं, तुझ्याकडे बुद्ध वाडवडिलांपासून आहे. आमच्याकडे यांनी आणला. त्याआधी कोकणातल्या आमच्या गावात आमच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ती त्या फोटोलाही हात जोडू लागली. माझा जीव जडला तो तिथे.

शिक्षण संपत आलं तेव्हा तिने मनातलं सांगितलं. तिला भिक्खुणी संघात जायचं होतं. मुंडण, चीवर, घर कायमचं सुटणार. त्याला आईबापांची परवानगी लागते. बाप नव्हता आणि आई काही केल्या हो म्हणत नव्हती. ही एकुलती एक.

"अम्मा, तुम्ही बोला ना तिच्याशी," ती म्हणाली.

मग काय विचारता! आमच्या घरातून मुलगी संघात जाणार, या विचारानेच मी फुगले होते. व्हिडिओ कॉल लावला. त्या बाईचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी म्हटलं, धम्मासाठी आमच्या माणसांनी घरातले देव सोडले, गावाचा मार खाल्ला. तुम्ही मन मोठं करा. ती रडत होती. मी पुन्हा फोन केला, पुन्हा समजावलं. शेवटी ती हो म्हणाली. माझी स्वतःची लेक तेव्हा शेजारी बसून पोहे खात होती. मीरा रोडला नोकरी, संध्याकाळी घरी. परदुःख शीतळ म्हणतात ते हे.

आमच्या माणसांनी धम्म घेतला तो माणसांत येण्यासाठी. ही माणसांतून उठून चालली होती, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या थंडीत ती थोरल्या भिक्खुणींबरोबर भाईंदरला आली. बाराच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून मी पहाटेच गॅस पेटवला. ती उंच आसनावर बसली, मी जमिनीला कपाळ टेकवलं. खांद्याची हाडं वर आली होती तिच्या. वाढेन तेवढंच खाल्लं, काही मागितलं नाही. मला उपासिका म्हणाली. मीही तिला ‘तुम्ही’ म्हणाले. आशीर्वादाची गाथा झाली आणि सगळ्या निघून गेल्या.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन. लेकीच्या तिकडच्या विहाराच्या नियमाने पहिली काही वर्षं घरच्यांना भेट नाही, त्यामुळे तिने लेकीला पाहिलंच नव्हतं.

"नीट जेवली का?"

"जेवली."

"बारीक झालीय?"

"नाही हो," मी खोटं बोलले.

मग म्हणाली, "पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार असेल तर मला आधी कळवा. मी येईन. तुमच्या स्वयंपाकघरात बसेन, बाहेर येणार नाही. दारातून बघेन फक्त."

‘या’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी तिला?